मधल्या सुट्टीतली रांग

"ऊठ जाई! आजपासून बौद्धवाड्याच्या घागरीही रांगेत. पाचवा नंबर तुझा!" महारुद्र गुरुजी दारातूनच ओरडले.

जाईनं पुस्तक छातीशी धरलं.

दुष्काळ पडल्यापासून टँकर मधल्या सुट्टीत शाळेपुढं यायचा. सारी शाळा घागरी घेऊन पळायची. बौद्धवाड्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी, तळाचं गढूळ घ्यायला. तोवर वर्ग रिकामा. तेवढाच वेळ जाईचा. घरी आई खडी फोडायला गेलेली, धाकटी दोघं हिच्या अंगावर, दिव्यात रॉकेल नाही. सातवीची बोर्डाची परीक्षा तोंडावर. नापास झाली की हिच्याही हातात हातोडा. गावानं विटाळ म्हणून बाजूला ठेवलं. पोरीनं त्या विटाळात अभ्यास उरकला.

"गुरुजी, मला वाचायचंय."

"अगं, घागर ठेवून ये. मागची बाई सरकवते पुढं. साऱ्यांचं तसंच चालतं."

तशी रीतच होती. घागर रांगेत, माणूस सावलीत. जाईनं घागर ठेवली. तिच्या मागं सोसायटीच्या चेअरमनची बायको, धुरपदाबाई.

"सरका फुडं!" टँकरवाला गुंडप्पा ओरडला. "नंबर सोडून कुनी घुसलं तर पानी बंद. मामलेदार सायबाचा हुकूम हाय!"

पुढच्या घागरी सरकल्या. जाईची तिथंच. मागं सारं गाव अडलं.

"ए पोरी, उचल की तुझं डबडं!" धुरपदाबाई खेकसली.

"तुमी सरकवा की काकू. समद्यांच्या सरकवताच."

"म्या? तुझी घागर? डोकं फिरलं का गं?"

जाईनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींचे दोन्ही हात हळूच पाठीमागं गेले.

मग तिची भीतीच मेली.

"घागर तिथंच राहील. पानी पायजे तर हात लावा, न्हायतर मरा तहानेनं." ती वर्गात गेली. पुस्तक उघडलं.

बाहेर शिव्यांचा पाऊस. गुंडप्पानं इंजिन सुरू केलं. "निघालो म्या!" अक्षरं डोळ्यांपुढं थरथरत होती. टँकर गेला तर धाकटी दोघं काय पिणार? तरी ती उठली नाही.

एकदम गलका थांबला. जाईनं खिडकीतून पाहिलं.

चेअरमनीण वाकून जाईची घागर सरकवत होती. दोन्ही हातांनी.