कावळे काढणारी लेक

"एवढी शिकली अन् लेकरांसाठी कावळे, राक्षस काढून राहिली," असं शेषेराव आपल्या लेकीला, तनुजाला जन्मभर टोचत आले. पण ते गेले तेव्हा तिचं चित्रांचं पुस्तक त्यांच्या उशाशी सापडलं. त्या एका आधारावर तिनं सुतकाचे दिवस काढले.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. भावानं आईला सांभाळायचा, शेत न विकायचा शब्द दिला, तरी तो झाडावरून हलेना.

"तनू, तू बी बोल की माय," आत्या म्हणाली. "दादाचा जीव कशात अडकलाय, तुला ठाऊक हाय."

तनुजानं हात जोडले. "अण्णा, मी पुन्हा चित्रं काढणार न्हाई."

 

तिचे हात सुटायच्या आत कावळा पिंडावर उतरला होता.