माकडतापाचं तेल

“काकी, धाकलूकाकांनी तेल लावलं हुतं का न्हाई, येवढंच सांगा,” वाडीची आशासेविका रेश्माने तिसऱ्यांदा विचारलं.

गुणा ओसरीवर नुसती बसून होती. नवरा, धाकलू, जाऊन सोळा दिवस झाले. रडू आटलं होतं, भूक मेली होती, कुणी काही विचारलं तरी आत पोचत नव्हतं. समोर दिल्लीहून आलेले डॉक्टर कागद उघडून बसले होते. सरकार आलं होतं खरं, पण माणूस गेल्यावर.

तसं माकडतापाची साथ सुरू होताच सरकारने कुंभारवाड्याच्या वाडीवाडीवर तेलाच्या बाटल्या वाटल्या होत्या. रानात जाताना हातापायांना चोळायचं, मग हा ताप पसरवणारी गोचीड चावत नाही. धाकलू रोज न चुकता लावायचा. साऱ्या वाडीने ते पाहिलं होतं. म्हणूनच तो त्याच तापाने गेल्यावर घरोघरच्या बाटल्या उकिरड्यावर गेल्या. गुणाच्या एकुलत्या एका लेकाने, गणपतीनेही फेकली. आत्ताही गणपती कमरेला कोयता लावून, तसाच उघड्या पायांनी रानात निघाला होता.

“बा रोज लावायचा. त्या दिशीबी मी बघितलंय,” तो म्हणाला. “काय उपेग झाला?”

रेश्माने ते डॉक्टरांना हिंदीत सांगितलं. ते बराच वेळ काहीतरी बोलले.

“तेल लावूनबी माणूस गेला, असं वर कळवत्यात,” ती म्हणाली. “तपास हुईस्तवर वाटप बंद.”

डॉक्टरांनी पेन उघडलं. गुणा लेकाच्या पायांकडे बघत राहिली.

त्या दिवशी, धाकलूला ताप यायच्या चार दिवस आधी, फणसाखाली माकड मरून पडलं होतं. मेल्या माकडावरच्या गोचिडी माणसावर चढतात, शिवू नका, कळवा, असं सरकारने सांगून ठेवलेलं. पण मारुतीला मूठमाती दिल्याशिवाय वाडीत चूल कशी पेटवायची? धाकलू वाडीत थोरला. तो मान त्याचाच.

“थांब, रेश्मा. लिवू नका म्हणावं त्यांना.”

सोळा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. गणपती पायरीवर थबकला.

“तेल चांगलं हाय, पोरा. तुझ्या बानं लावलंच हुतं. त्या वासानं देवाला कसं शिवायचं, म्हणून मीच ऊन पाणी काढलं अन् घासून घासून धुतलं.”