धक्का कोणाचा

धर्माला कोर्टात एवढंच सांगायचं होतं, की धक्का पंचायतीचा नाही. ठाण्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात पंचायतीच्या वकिलांनी ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. धक्का सरकारचा ठरला, की पंचायतीला एक पैसाही द्यावा लागणार नव्हता.

बेलापूरच्या खाडीवर दिवाळे गावाजवळ धर्माचं लहानसं गाव. पंचायत नवी, तो तिचा पहिलाच सरपंच. धक्क्याला लागणाऱ्या होड्यांवर पट्टी बसवून त्याने विहिरीपुरते पैसे जमवले होते. गावच्या बायका अजून गोड्या पाण्यासाठी दिवाळ्यापर्यंत चालत जात. अशात पावसाळा सरता सरता धक्क्याचा एक दगड निसटला आणि डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन चाललेली पुतळाकाकी खाली कोसळली. पाय कायमचा अधू झाला. पाटी गेली तसा बाजारही गेला, आणि विधवेला बघणारं दुसरं कोणी नव्हतं. तिने पंचायतीवर दावा लावला. तिला भरपाई दिली तर विहीर होणार नव्हती.

धर्माने याचा पुष्कळ विचार केला होता. एका म्हातारीसाठी अख्खं गाव तहानलेलं ठेवायचं का? खोटं बोलायचंच तर ते पाण्यासाठी बोलावं, असं त्याने मनाशी ठरवलं. धक्का आमचा नाही म्हणायचं तर होड्यांकडून पट्टी कशाची घेतो, ही शंका तेवढी त्याने वकिलांना विचारली. ते पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले.

आधी पुतळाकाकीची साक्ष झाली. कठड्याला धरून ती कशीबशी उभी राहिली. पंचायतीने या धक्क्याची कधी डागडुजी केली का, असं वकिलांनी विचारलं. कधीच नाही, असं तिने खरं ते सांगितलं. वकिलांना तेच हवं होतं; डागडुजी नाही, म्हणजे मालकीही नाही. मग हा धक्का आहे तरी कोणाचा, असं त्यांनी विचारलं.

"आमचा," ती म्हणाली.

"आमचा म्हणजे?"

"गावाचा."

वकील हसले. "मग बाई, तुम्ही स्वतःवरच दावा लावलात की."

"मंग कोनावर लावू?" पुतळाकाकी म्हणाली. "मागायचं त आपल्यांजवलच मागनार ना. परका कशाला देल?"

मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. साक्ष संपली. खाली उतरताना पायरी आली, तेव्हा तिने सवयीने जवळ उभ्या असलेल्या धर्माच्या खांद्यावर हात ठेवला. ती उतरली, हात काढला आणि लंगडत बाकाकडे गेली. आपण कोणाचा आधार घेतला, हे तिच्या मनातही आलं नसावं.

धर्माने शपथ घेतली. वकिलांनी ठरलेला प्रश्न विचारला. तो वकिलांकडे न बघता म्हणाला, "धक्का पंचायतीचाच हाय."

त्याचा अर्थ कळतो का, असं न्यायाधीशांनी विचारलं. कळतो, असं तो म्हणाला.

निकाल पुतळाकाकीच्या बाजूने लागला. भरपाईत विहिरीचे पैसे गेले. पुढचे दोन उन्हाळे बायका दिवाळ्याची वाट तुडवत राहिल्या. धर्माची बायको गोजरा त्यांच्यातच हंडे घेऊन चाले आणि सगळ्या वाटेने नवऱ्याच्या नावाने बोलणी खाई. घरी येऊन ती आधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवी. तेच त्याला जास्त लागे. शेवटी पंचायतीत त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आला. त्याच्या सख्ख्या चुलतभावानेही हात वर केला.

त्या संध्याकाळी पुतळाकाकी काठी टेकत त्याच्या दारात आली. माझ्यापायी तुझी सरपंचकी गेली, एवढंच ती कशीबशी बोलली आणि ओटीवर बसून राहिली. धर्माने तिला पाणी आणून दिलं.

"सरपंचकी काय, आज माजी, उद्या दुसऱ्याची," तो म्हणाला. "पन काकी, आता त्या खुर्चीवर कोनीबी बसू दे. धक्का माजा नाय, असं त्याला म्हनता येनार नाय."