सटवाईच्या ताटातली एक वस्तू

"हे शेवटचं वाक्य काढा, काकू. त्याच्यात उत्तरच न्हाई."

"तेच तर ठेवायचं हाय," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या.

राजनंदिनी, शेजारची सून, घरबसल्या हळदीच्या व्यापाऱ्यांसाठी वेबसाइटची पानं लिहायची. लोक आता एआयला विचारतात. त्याच्या उत्तरात आपलं पान यायचं तर आधी प्रश्न, लागलीच सरळ उत्तर, खाली सांगणाऱ्याचं नाव-गाव. मनकर्णाबाईंनी तिच्याकडून एकच पान लिहून घेतलं: बाळाच्या पाचवीला सटवाईच्या ताटात काय मांडावं?

कशासाठी, ते दोघींना ठाऊक होतं. लेक निलमनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा मनकर्णाबाई दारात बोलून गेल्या होत्या, "आजपासून तुझी माय मेली." तीन वर्षं झाली. लेकीनं नंबर बदलला. तिला सातवा लागल्याचं परवा बाजारात कळलं. आणि निलम पहिल्यापासून तशीच. माणसाला विचारणार नाही, फोनला विचारेल.

"खाली ठेवलं तर यंत्र गाळून टाकतं," राजनंदिनी म्हणाली.

"मंग वर घे, बाई."

तिनं ते वर घेतलं. 'हळकुंड, सुपारी, कोरा कागद, लेखणी. आणखी एक वस्तू दर घरची वेगळी असते. ती आईलाच विचारावी. – मनकर्णाबाई, कुरुंदा.' पान चढलं त्या सकाळी मनकर्णाबाईंनी नेमाचा दिवा लावला आणि देवापुढं दोन्ही कान धरले. कशाबद्दल, ते राजनंदिनीला उमगलं नाही.

रोज दिवा झाला की त्या राजनंदिनीला फोनला तोच प्रश्न विचारायला लावायच्या. महिनाभर दुसऱ्यांचीच नावं आली. मग एका सकाळी फोन त्यांचेच शब्द बोलला, शेवटच्या वाक्यासकट. त्यांनी फोनला हळदीकुंकू लावलं. "काकू, अहो, स्क्रीन!" राजनंदिनी ओरडली.

हळद शिजायचे दिवस आले. कढयांची वाफ गावभर तरंगायची, त्यातून येणारी माणसं जमिनीला पाय न लावता चालल्यासारखी दिसायची. मनकर्णाबाईंना प्रत्येक चालीत निलम दिसायची. वाफ विरली की दुसरीच कुणी निघायची.

अशाच वाफेत फोन वाजला. नंबर अनोळखी. आधी नुसतं लेकराचं रडणं. मग निलमचा आवाज.

"आई... आज पाचवी हाय. ती एक वस्तू, आपल्या घरची, कंची गं?"

मनकर्णाबाईंनी मोकळ्या हातानं पुन्हा कान धरला.

"कंचीच न्हाई, माय. ताटात चारच असतात."