एक तरी बॉल

पंचांनी तिसऱ्यांदा पहिल्या बेसकडे हात दाखवला आणि साक्रीची नऊ नंबरची मुलगी बॅट खाली ठेवून मुकाट चालू लागली.

तिला एकही बॉल टाकला गेला नव्हता. सॉफ्टबॉलमध्ये तशी मुभा असते. समोरची बॅटर फार भारी वाटली, तर प्रशिक्षकानं पंचांना चार बोटं दाखवायची. बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, पण मारायची संधी जाते. याला वॉक देणं म्हणतात. जळगावच्या प्रशिक्षक ज्योती मॅडमनी सकाळपासून तीनदा चार बोटं दाखवली होती.

त्याची त्यांना लाज वाटत नव्हती. गेल्या वर्षी धुळ्याला नऊ नंबरच्या याच मयुरीनं त्यांच्या बॉल टाकणाऱ्या पिचरना रडवलं होतं. तिचे दोन फटके तर भिंत ओलांडून रस्त्यावरच्या रिक्षांपर्यंत गेले होते. यंदा विभागाचा अंतिम सामना पिंप्राळ्याच्या मैदानावर, म्हणजे घरातच होता. जिंकलं तर मॅडमच्या पोरी पहिल्यांदाच राज्याला जाणार होत्या.

तरी आज या मुलीचं काहीतरी वेगळं होतं. जाळीचं हेल्मेट ती काढतच नव्हती. ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते, तिचा कोरडा ठणठणीत. साक्रीच्या पोरी एकमेकींची नावं घेऊन ओरडत होत्या, पण हिची पाळी आली की सगळ्या गप्प. ती बाकावरही बसत नव्हती. खांबापाशी उभी राहायची आणि बाकीच्या तिच्यापासून दोन हात सरकून बसायच्या.

आणि त्यांचे चुडामण सर! आपल्या सगळ्यात चांगल्या मुलीला वॉक दिला की कुठलाही प्रशिक्षक चिडतो. हे मात्र दरवेळी सुटल्यासारखा श्वास सोडत होते.

सातवा, शेवटचा डाव आला. जळगाव दोन, साक्री एक. साक्रीच्या दोघी बाद, एक दुसऱ्या बेसवर. आणि बॅट घेऊन पुन्हा तीच.

ज्योती मॅडमनी हात वर केला. तेवढ्यात त्यांची पिचर रूपाली धावत आली.

"मॅडम, या वेळी मला टाकू द्या."

"वेडी आहेस का? एक बाद केली की राज्याला चाललो आपण."

"हो, पण तिला न खेळवता. घरी काय सांगू मी? जिंकलो, पण घाबरून?"

मागून कॅचरही आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, ती बोलली माझ्याशी. म्हणाली, एक तरी बॉल टाका ना. मी चार हात लांब होते, पण अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं."

ज्योती मॅडमचा हात तसाच राहिला. वीस वर्षांपूर्वी त्या यावलहून राज्य स्पर्धेला गेल्या होत्या. केळीच्या बागेतलं काम टाकून वडील पहिल्यांदाच मुलीचा खेळ बघायला आले होते. समोरच्यांनी ज्योतीला चारही वेळा वॉक दिला. परतताना बसमध्ये वडिलांनी भाबडेपणानं विचारलं होतं, "तुला मारूच का देत नव्हते गं?"

त्यांनी हात खाली घेतला.

"टाक," त्या म्हणाल्या.

समोर चुडामण सर ताडकन उठून उभे राहिले.

रूपालीनं हात फिरवला. बॉल खाली, बाहेरच्या बाजूला, अगदी हवा तसा पडला. तरी बॅट फिरली. कोरडा टणत्कार झाला आणि बॉल कुंपणापलीकडच्या निंबांवरून दिसेनासा झाला.

मुलगी सावकाश चारही बेस फिरली. दोन धावा झाल्या, सामना संपला, साक्री जिंकली, पण साक्रीची एकही पोर ओरडली नाही. होम प्लेटवर पाय ठेवून ती त्यांच्यामधून सरळ फाटकाबाहेर निघून गेली.

रूपाली रडत नव्हती, एवढंच ज्योती मॅडमना बरं वाटलं. त्या अभिनंदन करायला गेल्या, तर चुडामण सर मातीत बसले होते.

"मॅडम, माझी तक्रार करा. ती मयुरी नाही."

"म्हणजे?"

"मयुरी श्रावणात गेली. मक्याच्या शेतात साप चावला. आठच पोरी उरल्या, आणि नववी नसली तर खेळताच येत नाही. म्हणून तिच्या धाकट्या बहिणीला, रत्नाला, तिचा शर्ट आणि हेल्मेट देऊन उभी केली. मयुरीच्या नावाला भिऊन सगळे वॉकच देत गेले. तसेच फायनलला आलो."

"मग एवढा फटका मारला कसा?"

"तेच कळत नाही. बॅट कशी धरतात हेसुद्धा त्या पोरीला माहीत नाही."

ज्योती मॅडमना राग यायला हवा होता, पण त्या फाटकाकडे वळल्या. "चला, तिलाच विचारू," त्या म्हणाल्या.

साक्रीची गाडी फाटकाबाहेर उभी होती. आत मागच्या सीटवर एक बारकी मुलगी शाल पांघरून पडली होती. सरांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंग तापानं फणफणलं होतं.

"रत्ना, कशी काय मारलीस गं तू?"

मुलीनं जड डोळे उघडले.

"सर, मी सकायपाईन आठेच, गाडीमाच झोपेल शे. माले कोनी उठाडंच नही. मॅच व्हई गई का?"