दहात किती वेळा

“उजेड मारून अणू गार करता?” जोतीरामतात्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. “आमच्या हितं उन्हात ठिवलं तर दूध नासतं!”

समोर ऋषिराज घामाघूम. नरसिंहपूरचा पोरगा, पुण्यात प्रयोगशाळेत संशोधन करणारा, आणि धाकट्या लेकीनं, रेश्मानं लग्नासाठी स्वतः निवडलेला. तात्यांना पहिला संशय तिथंच आला. दुसरा जुना होता. थोरल्या कौसल्येचा नवरा कंपनीत इंजिनिअर म्हणून आला होता. लग्नानंतर कळलं, असली कंपनीच नव्हती. कौसल्या आता जळोचीत माहेरीच असते. आजचा चहा तिनंच केला, पण बाहेर काही आली नाही.

तात्यांनी दूध संकलन केंद्रावर सव्वीस वर्षं भेसळ पकडली. तोंड बघून नाही, फॅटचा आकडा बघून. एकदा तोंडाकडं बघून फसले, ते घरात.

“बरं, अणू गार झाले. म्होरं?”

“सगळे मिळून एकच लाट होते, तात्या. न विस्कटता चालते. तिच्या वाटेत आम्ही उजेडाची भिंत उभी करतो.”

“पुन्हा उजेडच! मग लाट जाती का पलीकडं?”

“जोरात सोडली तर फुटते. थोडी पलीकडं, थोडी माघारी. हळू सोडली तर फुटत नाही. अख्खी जाते, नाहीतर अख्खी परत येते.”

“दहात किती वेळा जाती?”

ऋषिराजच्या मामांनी, इंद्रजितरावांनी, त्याला कोपरानं ढोसलं. “सांग की, दहाच्या दहा म्हणून!”

दाराआड रेश्माचा जीव टांगणीला लागला. बोल की रे बाबा काहीतरी!

“तेच सांगता येत नाही,” ऋषिराज म्हणाला. “भिंत तीच, वेग तोच. तरी एका दिवशी सात वेळा जाते, दुसऱ्या दिवशी चार. कुठंतरी बारीक फरक पडतोय, तो अजून हाती लागत नाही. तीन वर्षं झाली.”

मामांनी कपाळाला हात लावला. झालं! हातातलं स्थळ गेलं.

“लिवून ठिवता का कुठं?”

ऋषिराजनं मोबाईलवर वहीचे फोटो उघडून दिले. तात्यांनी चष्मा चढवला. सात. चार. सहा. ‘लेसर बंद पडला.’ तीन. पुन्हा सात. ‘माझी चूक, आजचं धरू नये.’ तात्या एकेक पान सरकवत राहिले.

“कौसल्ये, भाईर ये,” तात्यांनी हाक मारली. ती पदर सावरत दारात आली, पाहुण्याकडं न बघता उभी राहिली. तात्यांनी मोबाईल तिच्या हातात दिला.

“बघ. पावडर कालवून केलेलं दूध रोज एकाच आकड्याला लागतं. खऱ्या गाईचं कमीजास्त हुतं.” त्यांनी चष्मा उतरवला. “ह्ये गाईचं हाय, पोरी.”