लिंबाजीचा निकाल

“न्यायाधीश आहेस तू, म्हशी राखायला बसलेला नाहीस. मान वर कर,” दत्तोपंत खेकसले. लिंबाजीनं मान वर केली आणि वाक्य विसरला.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष होतं, दुष्काळाचं दुसरं. तुरुंगात कैद्यांचं नाटक बसवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून शाळेतले दत्तोपंत महिनाभर येत होते. येताना नाक मुरडत, घरी गेल्यावर दोनदा हात धूत. या लोकांना नाटक शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं ते बायकोला, चंद्रप्रभाला, रोज ऐकवत. लिंबाजी तर त्यांच्या लेखी सगळ्यात ठोंब्या. शिरूर अनंतपाळकडचा. टाळं लावलेल्या विहिरीवर राखणदाराचा हात मोडून पाणी काढलं, म्हणून आत आलेला. वाचता येणारे चारच होते, त्यातला तो एक, म्हणून न्यायाधीश.

नाटकाच्या दिवशी पाहुणे म्हणून खरेच एक न्यायाधीश आले. लिंबाजीनं पडद्याआडून त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तो रंगमंचावर आला तो वेगळाच. खुर्चीत रेलला. घड्याळ बघितलं, जांभई दिली. समोरचा आरोपी हात जोडून सांगत होता, “साहेब, लेकरं दोन दिस तहानली होती.” लिंबाजीनं कागदातून डोळे वर केले नाहीत.

“तीन वर्षं. फुडचा कोण हाय?”

कैदी हसले. मग एकेक जण वळून पाहुण्यांकडं पाहू लागला. तीस वर्षं नाटकं बसवली, असा नट दत्तोपंतांना मिळाला नव्हता.

पाहुण्यांचा चेहरा उतरला. तुरुंगाधिकाऱ्यांनी दत्तोपंतांना बाजूला ओढलं. “पाहुण्यांनीच याला शिक्षा दिलीय. मुद्दाम केलंय त्यानं. शिक्षेतली सूट तर जाईलच, वर अंधारकोठडी दाखवतो. एवढंच सांगा, हे तुमच्या नाटकात होतं?”

दत्तोपंतांच्या हातात वही होती. त्या वहीतला न्यायाधीश उभा राहून गीतेचा श्लोक म्हणत होता. लिंबाजी विंगेत उभा होता. घामाघूम, पण मान ताठ.

दत्तोपंतांनी वही मिटून काखेत मारली.

“होतं म्हणजे? शब्द न् शब्द माझा आहे,” ते नेहमीच्याच तुसडेपणानं म्हणाले. “त्या गड्याला एवढी अक्कल कुठली?”